अंतरा इंजेक्शन आणि थांबलेली पाळी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत : पाळणा लांबवण्यासाठी तीन महिन्यांचे इंजेक्शन घेतले आणि पाळी येणेच थांबले. पत्रे लिहिणाऱ्यांची वये, गावे आणि घरची परिस्थिती निरनिराळी असल्यामुळे सर्वांना एकच उत्तर देता येणार नाही. म्हणून या अंकात इतर विषय बाजूला ठेवून यांपैकी सहा पत्रे घेतली आहेत. नावे व गावे गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. या सर्व पत्रांतले इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. त्याची १५० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन महिन्यांनी स्नायूमध्ये देतात. शासकीय रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत ते २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने मोफत मिळते, तर खासगी दवाखान्यांत ते वेगवेगळ्या नावांनी दिले जाते.

प्रश्न : माझे वय २७ आहे आणि मला दीड वर्षाची मुलगी आहे. ती अजून अंगावर पिते. ग्रामीण रुग्णालयात मी अंतराची तीन इंजेक्शने घेतली. पहिल्या इंजेक्शननंतर जवळजवळ तीन आठवडे थोडे थोडे अंगावर जात होते, दुसऱ्यानंतर मध्येच डाग लागायचे आणि आता चार महिने पाळी अजिबात आलेली नाही. सासूबाई म्हणतात की रक्त आत साचून राहते आणि पुढे पिशवीला गाठ होते. शेजारच्या ताईंनी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या, त्या पाच दिवस घेतल्या, तरी काही झाले नाही. आता मला जास्तच भीती वाटते. इंजेक्शन बंद करावे का? पाळी कशी आणावी?

उत्तर : तुम्ही सांगितलेला क्रम, म्हणजे आधी बरेच दिवस डाग, मग अनियमितपणा आणि मग पाळी बंद, हा या इंजेक्शनचा अगदी नेहमीचा क्रम आहे. औषधासोबत येणाऱ्या अधिकृत माहितीपत्रकानुसार वर्षभर हे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५५ टक्के स्त्रियांची, तर दोन वर्षे घेतलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के स्त्रियांची पाळी थांबलेली असते. वर्षभरानंतरही पाळी येत राहिली तर ती स्त्री अल्पसंख्य बाजूला असते, इतकी ही गोष्ट सर्वसाधारण आहे.

सासूबाईंच्या शंकेचे उत्तर पाळी मुळात कशी येते यातच आहे. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या सांगण्यावरून बीजांडकोशात एक बीज पिकते. ते पिकत असताना इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक (हार्मोन) तयार होते आणि त्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होते. गर्भ राहिला नाही की हे जाड झालेले अस्तर सुटून रक्तासह बाहेर पडते, आणि त्यालाच आपण पाळी म्हणतो. इंजेक्शनमुळे पीयूषिकेचा तो संदेश थांबतो, बीज पिकत नाही आणि अस्तर वाढण्याऐवजी पातळच राहते. जे तयारच झाले नाही ते साचणार कुठून? रक्त आत कोंडले जाण्याचे आजार असतात, पण ते वाट बंद झाल्यामुळे होतात, त्यात दर महिन्याला पोटात तीव्र कळा येतात आणि त्यांचा या इंजेक्शनशी संबंध नाही. गाठीबद्दल म्हणाल, तर या औषधामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

गोळ्यांनी पाळी का आली नाही, हेही याच मांडणीतून उलगडते. पाळी आणण्यासाठी ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात त्या इंजेक्शनमधल्या औषधाच्याच जातीच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या असतात. त्या काही दिवस घेऊन बंद केल्या की शरीरातले त्या संप्रेरकाचे प्रमाण एकदम उतरते आणि तयार असलेले अस्तर सुटते. तुमच्या बाबतीत अस्तर पातळ आहे, आणि गोळ्या बंद केल्या तरी इंजेक्शनमधले औषध शरीरात शिल्लकच आहे; म्हणजे उतार पडलाच नाही. गोळ्यांनी काही झाले नाही याचा अर्थ आजार मोठा आहे असा नव्हे, तर इंजेक्शन आपले काम करीत आहे असा आहे. अशा गोळ्या पुन्हा घेऊ नका. पपई, तीळगूळ किंवा ओव्याचा काढा यांनीही पाळी येणार नाही; आवडत असेल तर हे पदार्थ जरूर खा.

दीड वर्षाच्या मुलीला पाजत असल्याचाही पाळीवर थोडा परिणाम होत असू शकतो. बाळंतपणानंतर सहा आठवडे झाल्यावर स्तनपान करणाऱ्या आईला हे इंजेक्शन देता येते. दुधातून औषधाचा फार थोडा अंश जातो, आणि त्याने बाळाच्या वाढीला अपाय होत असल्याचे आढळलेले नाही.

पहिल्या इंजेक्शनआधीच तुम्हाला हे सर्व सांगायला हवे होते. सुई टोचायला एक मिनिट पुरते, पण ‘आधी डाग जातील, मग पाळी थांबेल, घाबरू नका’ हे समजावून सांगायला आणि शंका ऐकून घ्यायला दहा मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी तीच दहा मिनिटे कापली जातात. आपल्या देशात या प्रकारच्या इंजेक्शनांचा इतिहास याच मुद्द्यावर अडलेला आहे. नेट-एन या दोन महिन्यांच्या इंजेक्शनच्या चाचण्यांमध्ये स्त्रियांना पुरेशी माहिती न देता सहभागी करून घेतले जाते, असा आक्षेप घेऊन स्त्री-संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. तुम्ही घेत असलेल्या औषधाला १९९३ मध्ये देशात विक्रीची परवानगी मिळाली, तेव्हाही विरोध झाला. मोफत शासकीय पुरवठ्यासाठी मात्र पुढची चोवीस वर्षे लागली. त्या संघटनांचे सगळेच आक्षेप मला पटतात असे नाही, पण ‘आधी सांगा, मग टोचा’ हा त्यांचा आग्रह तुमचे पत्र वाचताना मला पुन्हा आठवला.

इंजेक्शन बंद करायचे की नाही, हा निर्णय तुमचा आहे; पाळी थांबली एवढ्याच कारणासाठी ते बंद करण्याची वैद्यकीय गरज नाही. उलट ज्या स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असते त्यांना याचा फायदाच होतो. तीनही इंजेक्शने वेळेवर झाली असतील तर गर्भ राहिल्याची शक्यता फारच कमी आहे : अगदी नियमित वापरात वर्षभरात हजारात सुमारे दोन स्त्रियांना दिवस जातात. प्रत्यक्षात तारखा चुकतात, म्हणून हे प्रमाण शंभरात चारपर्यंत जाते. मन स्वस्थ होत नसेल तर सकाळच्या पहिल्या लघवीवर गर्भचाचणी करून पाहा. इंजेक्शनमुळे या चाचणीच्या निष्कर्षात फरक पडत नाही. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचा चाचणी संच मिळतो. मळमळ, स्तन दुखणे किंवा ओटीपोटात एका बाजूला सतत दुखून चक्कर येणे अशी लक्षणे असतील तर मात्र चाचणीवर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एक सूचना. इंजेक्शन घेतल्यावर ती जागा चोळू नका आणि शेकू नका. औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरायला हवे. चोळल्याने ते लवकर पसरते.

प्रश्न : आमच्या घरी चार दिवस बाहेर बसण्याची पद्धत अजून आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी इंजेक्शन सुरू केले, ते फक्त यजमानांना माहीत आहे. सहा महिन्यांपासून पाळी नाही. सासूबाई दिवस मोजतात. ‘कावळा शिवला नाही का अजून?’ असे विचारतात. आता मी दर महिन्याला खोटेच चार दिवस बाहेर बसते. पाळी यावी म्हणून काही करता येईल का?

उत्तर : इंजेक्शन चालू ठेवून दर महिन्याला पाळी आणणे शक्य नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. काही डॉक्टर इंजेक्शनसोबत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या थोडे दिवस देतात, पण ते फार दिवस किंवा फार जास्त अंगावर जात असेल तेव्हा, रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी. घरच्यांना पाळी दाखवण्यासाठी नव्हे.

पाळी येणे हे तुमच्या घरात टाळता न येणारेच असेल, तर साधन बदलण्याचा विचार करता येईल. तांबीमध्ये कोणतेही संप्रेरक नसते, त्यामुळे पाळी दर महिन्याला येते. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त थोडे जास्त जाते आणि पोट दुखू शकते. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण त्या रोज घ्याव्या लागतात, म्हणजे पाकीट रोज लपवावे लागेल. शिवाय बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असून अंगावर पीत असेल तर त्या देत नाहीत. ‘छाया’ ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते, पण तिच्यामुळेही काही स्त्रियांची पाळी लांबते, तेव्हा सासूबाईंच्या मोजणीतून ती तुम्हाला सोडवणार नाही.

यजमानांना माहीत आहे, ही या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. कोणतेही गर्भनिरोधक साधन घेण्यासाठी नवऱ्याची किंवा सासरच्यांची संमती लागत नाही, हे खरे. पण घरात हे बोलायचेच असेल तर ते त्यांनी बोलावे. ‘डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आहे, त्याने पाळी थांबते, अंगातले रक्त वाढते’ एवढी तीन वाक्ये मुलाने आईला सांगितली तर पुष्कळदा प्रश्न मिटतो. ते शक्य नसेल तर यजमानांनी सासूबाईंना तुमच्यासोबत आरोग्य केंद्रात पाठवावे आणि सिस्टरांकडून ते ऐकवावे. हा उपाय मी सुचवते तो अनुभवावरून : घरात सुनेने सांगितले की ते निमित्त वाटते, आणि पांढऱ्या कोटातून आले की ते शास्त्र होते.

खोटे बाहेर बसण्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. त्याचा एक वैद्यकीय धोका मात्र सांगते. पुढे कधी पोटात दुखले, सोनोग्राफी करावी लागली किंवा चुकून दिवस गेले, तर डॉक्टर पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा विचारतील. त्या वेळी सासूबाई शेजारी असल्या आणि तुम्ही खोटी तारीख सांगितली, तर पुढचा सगळा हिशेब चुकेल. डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे, असे स्पष्ट सांगा. इंजेक्शनच्या तारखांचे कार्ड घरात ठेवणे अवघड असेल तर पुढच्या तारखेचा फोटो यजमानांच्या फोनमध्ये ठेवा, किंवा कार्ड आशाताईंकडे ठेवायला द्या.

प्रश्न : हे पत्र मी माझ्या काकूसाठी लिहीत आहे, ती लिहू शकत नाही. काका-काकू ऊसतोडीला जातात. काकूने २० ऑगस्टला गावच्या आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेतले होते. पुढची तारीख २० नोव्हेंबर होती, पण मुकादमाची गाडी ९ नोव्हेंबरला आली आणि ते कारखान्यावर गेले. आज २० जानेवारी आहे, अजून इंजेक्शन घेतलेले नाही. पाळी तर इंजेक्शनमुळे आधीपासूनच बंद आहे. मग दिवस गेले आहेत की नाहीत हे कसे ओळखायचे? टोळीतल्या बायका म्हणतात की तिकडच्या दवाखान्यात पिशवीच काढून टाक, म्हणजे कटकट मिटेल.

उत्तर : तारखा नीट लिहून पाठवल्याबद्दल तुझे कौतुक करते, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर तारखांतच आहे. ज्या स्त्रीची पाळी इंजेक्शनमुळे थांबली आहे तिला पाळी चुकली म्हणून गर्भ राहिल्याचे कळत नाही. तिच्यासाठी कार्डावरची तारीख चुकणे हीच पाळी चुकण्यासारखी खूण असते.

ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत हे इंजेक्शन घेता येते. काकूंच्या बाबतीत ही मुदत ६ नोव्हेंबरला सुरू झाली आणि १८ डिसेंबरला संपली. म्हणजे गाडी येण्याच्या तीन दिवस आधी, गावातच, त्यांना पुढचे इंजेक्शन नियमाप्रमाणे घेता आले असते. हे त्यांना कोणी सांगितले नसणार. दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्मी गावे रिकामी होतात त्या तालुक्यांत कार्ड पाहून अशा स्त्रियांना आधीच बोलावून घेणे, हे काम आरोग्य केंद्राने आपणहून करायला हवे.

आता काय करायचे ते सांगते. १८ डिसेंबरनंतर दोघांचा संबंध आलेला नसेल, किंवा प्रत्येक वेळी निरोध वापरला असेल, तर जवळच्या शासकीय दवाखान्यात कार्ड दाखवून इंजेक्शन लगेच घेता येईल. त्यानंतर सात दिवस निरोध वापरावा. संबंध आला असेल तर आजच सकाळच्या लघवीवर गर्भचाचणी करावी. चाचणी होकारार्थी आली तर गर्भ आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. नकारार्थी आली तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण गेल्या दोन-तीन आठवड्यांत राहिलेला गर्भ चाचणीत दिसेलच असे नाही. आजपासून निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा, तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी, आणि तीही नकारार्थी आली तर इंजेक्शन घेऊन पुढचे सात दिवस निरोध चालू ठेवावा. निरोधशिवाय संबंध येऊन तीनच दिवस झाले असतील तर तातडीची गर्भनिरोधक गोळीही घेता येते. ती जितकी लवकर घेतली जाईल तितकी अधिक उपयोगी पडते.

दिवस गेलेच असतील आणि मूल हवे असेल, तर इंजेक्शनमुळे बाळात व्यंग येते असे आढळलेले नाही, तेव्हा त्या भीतीने गर्भ पाडण्याची गरज नाही. मूल नको असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरांच्या मताने कायदेशीर गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीला त्यासाठी स्वतःचीच संमती पुरते. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत. गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जिवावर बेतू शकते.

पिशवी काढण्याच्या सल्ल्याला माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, ती अशाच सल्ल्यांमुळे. पाळी थांबलेली असताना, कोणताही आजार नसताना, एका चुकलेल्या तारखेसाठी अवयव काढून टाकण्याला वैद्यकीय आधार नाही. कामाचा खाडा आणि त्याचा दंड यांची भीती या सल्ल्यामागे असते, हे मला ठाऊक आहे. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कोयता हातात धरायला जितके आठवडे लागतील त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलेला अर्धा दिवस स्वस्त पडतो. काका-काकूंना आणखी मूल नकोच असेल तर काकांची नसबंदी हाही पर्याय आहे. ती काही मिनिटांत होते, टाक्याशिवाय होते, आणि तिची चर्चा टोळीत होत नाही याचे मला दरवर्षी नवल वाटते.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील असून मला सिकलसेल आजार आहे. इंजेक्शन घेतल्यापासून पाळी नाही. माझ्या अंगात आधीच रक्त कमी असते, मग पाळी बंद होणे चांगले की वाईट?

उत्तर : तुमच्यासाठी चांगले. सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या स्त्रियांना हे इंजेक्शन निर्धोकपणे देता येते. रक्त जाणे थांबल्यामुळे हिमोग्लोबिन टिकून राहते आणि दुखण्याचे झटकेही कमी होत असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. फोलिक ॲसिडच्या गोळ्या व नियमित तपासणी चालू ठेवा. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते.

प्रश्न : माझे वय ३१. दोन वर्षे इंजेक्शने घेतली आणि दुसऱ्या मुलासाठी ती थांबवली. शेवटचे इंजेक्शन घेऊन आठ महिने झाले, अजून पाळी सुरू झालेली नाही. इंजेक्शनमुळे कायमचे वांझपण येते का?

उत्तर : नाही. मात्र या साधनाचा हा एक खरा तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही : गोळ्या किंवा तांबी बंद केल्यावर जितक्या लवकर गर्भ राहतो तितक्या लवकर इंजेक्शननंतर राहत नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून गर्भ राहण्यापर्यंत सरासरी दहा महिने जातात. काहींना चौथ्या-पाचव्या महिन्यात दिवस जातात, तर काहींना दीड-दोन वर्षेही लागतात. इंजेक्शने किती वर्षे घेतली यावर हा काळ अवलंबून नसतो, तेव्हा ‘दोन वर्षे घेतली म्हणून दुप्पट उशीर’ असा हिशेब मनात मांडू नका. आठ महिने ही मोजणीही फसवी आहे, कारण त्यातले पहिले तीन महिने इंजेक्शनचा अंमल होताच. तुमचे शरीर मोकळे झाल्याला पाचच महिने झाले आहेत.

पाळी सुरू होण्याआधीही गर्भ राहू शकतो. बीज आधी सुटते, पाळी त्यानंतर चौदा दिवसांनी येते. त्यामुळे त्या पहिल्याच बीजाचा गर्भ राहिला तर मधे पाळी दिसतच नाही. म्हणून गर्भचाचणी करून घ्या आणि ती नकारार्थी आली तर दर महिन्याला ती पुन्हा करा. फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आतापासूनच रोज सुरू करा. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष होऊनही पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. स्तनांतून आपोआप दूध येणे, सतत डोके दुखणे, नजर धूसर होणे, किंवा वजन आणि मानेजवळची सूज वाढत जाणे यांपैकी काही असेल तर वर्षाची वाट न पाहता लगेच जा. पाळी थांबण्याची इतर कारणेही असतात, ती इंजेक्शनच्या नावाखाली दडून राहू नयेत. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या दोन रक्तचाचण्यांनी त्यांतल्या बऱ्याच कारणांचा उलगडा होतो.

पुढे हे इंजेक्शन घेण्याचा विचार करणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की वर्षभरात मूल हवे असेल तर हे साधन निवडू नये.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. तीन वर्षांपासून इंजेक्शन घेते, पाळी दोन वर्षे नाही. आता ती इंजेक्शनमुळे बंद आहे की कायमची गेली, हे कसे समजावे? आणि मध्यंतरी आठवडाभर अचानक अंगावर गेले, ते कशामुळे?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो अधिक निकडीचा आहे. दोन वर्षे पूर्ण कोरडी गेल्यानंतर अचानक रक्त जाणे, विशेषतः चाळिशीनंतर, ‘इंजेक्शनमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. इंजेक्शनला उशीर झाला असेल तर अस्तर थोडे वाढून असे होऊ शकते; पण गर्भाशयमुखाची तपासणी आणि सोनोग्राफी करून घेतल्याशिवाय ते गृहीत धरता येत नाही. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल तर या आठवड्यातच जा. कारण कळेपर्यंत पुढचे इंजेक्शन घ्यायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की इंजेक्शन चालू असताना पाळी नसण्यावरून रजोनिवृत्ती ओळखता येत नाही. रक्तातील एफएसएच या संप्रेरकाची चाचणी करतात, पण इंजेक्शन ते संप्रेरक दाबून ठेवते, म्हणून ती करायचीच तर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला, ते घेण्याच्या आधी रक्त द्यावे, आणि एकाच अहवालावर विसंबू नये. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येणे ही लक्षणे इंजेक्शन चालू असतानाही जाणवू शकतात, ती डॉक्टरांना सांगा.

तुमच्या वयात आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा, ती म्हणजे हाडे. इंजेक्शन चालू असताना इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे हाडांची घनता थोडी घटते. तरुण स्त्रियांमध्ये इंजेक्शन थांबवल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते, पण तुम्ही रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर आहात, आणि नंतर ती भरून निघायला वाव राहत नाही. त्यामुळेच १८ ते ४५ या वयोगटात जागतिक आरोग्य संघटना या इंजेक्शनवर निर्बंध सुचवत नाही, तर ४५ नंतर फायदे-तोटे तोलून द्यावे असे म्हणते. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ वापरणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आवरणाची, शस्त्रक्रिया करावी लागणारी मेनिंजिओमा नावाची गाठ सुमारे साडेपाच पट अधिक आढळल्याचे फ्रान्समधील २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले. हा आजार मुळात विरळ आहे. तरीही सतत वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर ती सांगा. रक्तदाब तपासला नसेल तर तोही तपासून घ्या, कारण त्याचा वरचा आकडा १६० किंवा खालचा आकडा १०० अथवा त्याहून वर असेल तर हे इंजेक्शन सहसा देत नाहीत.

तुमच्या जागी मी असते तर आता तांबीकडे वळले असते. चाळिशीनंतर बसवलेली तांबी बहुधा पाळी जाईपर्यंत पुरते, तिच्यात संप्रेरक नसल्यामुळे इंजेक्शनचा अंमल उतरल्यावर तुमची पाळी खरोखर चालू आहे की गेली ते आपोआप दिसू लागते, आणि हाडांवरचा भारही कमी होतो. मात्र आठवडाभर रक्त कशामुळे गेले ते कळल्याशिवाय तांबीही बसवू नये. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष साधन चालू ठेवण्याचा प्रघात आहे. त्यानंतर तांबी काढून घ्यायला विसरू नका. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेली, स्वतःलाही न आठवणारी तांबी साठीतल्या स्त्रीच्या क्ष-किरण चित्रात सापडण्याचे प्रसंग अजून येतात.